जयगडसाठी एक नाव

संदेश शिवलकरची स्कूटर शिरगावच्या रस्त्याला लागलीच नाही. ती सरळ भाट्ये पुलावर चढली. मागून आपली गाडी बेताबेताने हाकणारे चिंतामणी जोगळेकर मनाशी म्हणाले, सापडला.

घर शिरगावला आणि माणूस रोज संध्याकाळी पावसच्या वाटेला. ऑफिसच्या शिपायाने, बाबूने, सांगितलं तेव्हा चिंतामणींना नवल वाटलं नव्हतं. संशय आधीपासूनच होता, त्याला फक्त रस्ता मिळाला.

जहाजांची कागदपत्रं करणाऱ्या एजन्सीच्या रत्नागिरी ऑफिसचे ते प्रमुख. जयगडला नवीन ऑफिस उघडत होतं आणि तिथे कोणाला बसवायचं, ते नाव सोमवारी मुंबईला कळवायचं होतं. एक कागद राहिला तर अख्खं जहाज बंदराबाहेर ताटकळतं. तिथे डोकं ठिकाणावर असलेला माणूस हवा. तसं पाहिलं तर नाव संदेशचंच होतं. नोकरी सांभाळून कस्टम्सची परीक्षा दिली, नवी संगणक प्रणाली आधी स्वतः शिकला, मग सगळ्यांना शिकवली. कामात चूक म्हणून नाही. चिंतामणींना खुपत होतं ते हेच. सहाच्या ठोक्याला टेबल आवरून उठणाऱ्या माणसाच्या कामात खोट कशी सापडत नाही?

शिवाय महिनाभर तो त्यांच्याकडे बघत होता. चिंतामणी फोनवर बोलायला लागले की संदेशचा हात कीबोर्डवर थांबायचा. ते केबिनमधून बाहेर आले की त्याची नजर त्यांच्या पायांवर. आणि परवा बाबू दार लोटून आत आला होता.

"तुमची चौकशी करतो, साहेब. साहेब रागावले की काय करतात, एकटे असले की काय करतात. माझं नाव नका घेऊ हां."

आधी त्यांना वाटलं, दुसऱ्या कंपनीने फितवला असेल. मग वाटलं, मुंबईला आपली तक्रार शिजत असेल. निवृत्ती वर्षावर आलेली. जाता जाता हा डाग नको.

दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतोच, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. ते बोल पुस्तकातले नव्हते. एके काळी तेही नाटकात उभे राहत आणि बरे उभे राहत. अधिकारी झाले तेव्हा त्यांच्या साहेबांनी विचारलं होतं, रंग पुसताय की खुर्ची सोडताय? त्यांनी रंग पुसला. त्यानंतर प्रेक्षक म्हणूनही ते नाट्यगृहात गेले नाहीत. पत्नीने, वासंतीबाईंनी, पेपरातली नाटकाची जाहिरात मोठ्याने वाचली, तर ते उठून नळ बंद आहे का बघायला जात.

पावसच्या अलीकडे स्कूटर एका कलमांच्या बागेत शिरली. चिंतामणींनी गाडी चिऱ्यांच्या गडग्याला लावली आणि पायीच निघाले. बागेत आंबे भरायची शेड होती. या दिवसांत ती रिकामी असायची, पण आत दिवा होता आणि चार माणसांचे आवाज. ते मागच्या खिडकीशी गेले.

रिकाम्या पेट्या रचून टेबल केलं होतं. टेबलामागे संदेश बसला होता आणि कानाशी नसलेला फोन धरून बोलत होता.

"कागद वेळेवर, माणूस वेळेवर. बाकीचं मरू दे."

वाक्य चिंतामणींचं होतं. दुपारीच फोनवर ते जयगड बंदरातल्या माणसाला म्हणाले होते. आवाज त्यांचा, शेवटी येणारा खोकलाही त्यांचा. पेट्यांवर बसलेले दोघे हसले. चिंतामणींच्या कानशिलांत रक्त चढलं. म्हणजे महिनाभर हे चाललं होतं. जयगड संपलं, त्यांनी ठरवलं. सोमवारी दुसरं नाव जाईल.

आत संदेश उठला, दबकत एका बाजूला गेला आणि मान लांब करून नसलेल्या खिडकीतून डोकावला.

"थांब," कोपऱ्यातली बाई म्हणाली. नाटक ती बसवत होती. तिला सगळे दीपालीताई म्हणत होते. तिचं म्हणणं पडलं की हे पटत नाही. एवढा मोठा साहेब, एका कारकुनाच्या मागे जाऊन खिडकीतून बघेल? लोक हसतील.

"बघेल, ताई," संदेश म्हणाला. "मी आधी त्याला खडूस म्हणून करत होतो. जमेना. मग रोज बघत गेलो. तो माणूस वाईट नाही. त्याने काहीतरी सोडलंय. काय, ते मला सापडत नाही."

"सापडेपर्यंत खिडकी काढ."

संदेशने अजून एकदा करून बघतो म्हणून विनवलं. दबकत गेला, मान लांब केली.

"चुकतंय," खिडकीतून आवाज आला.

सगळे वळले. गजांपलीकडे साहेबांचा चेहरा बघून संदेश पांढरा पडला. त्याने नकळत हात जोडले. जयगड गेलं हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. काहीतरी सांगायला तो पुढे आला, पण चिंतामणींनी हाताने थांबवलं.

"शिवलकर, सोमवारी मुंबईला तुमचं नाव जातंय. ते ऑफिसचं झालं." ते खिडकीतून बाजूला झाले, फिरून दाराशी आले आणि उंबऱ्यावर जरा घुटमळले. "आता हे. डोकावताना मान नाही पहिली पुढे येत. आधी पाऊल अडतं. असं."