झिजलेले कार्बन

वडील गेल्यावर त्यांच्या खोलीतला खेळण्यातल्या गाड्यांचा रेसिंग ट्रॅक मोडीत काढायचं ठरलं. देण्याआधी बघू तरी म्हणून मुलाने दोन्ही गाड्यांच्या इवल्याशा मोटारी उघडल्या. बाबांच्या गाडीच्या मोटारीतले, गाडी पळेल तसे घासले जाणारे कार्बन पार झिजले होते, त्यात नवल नव्हतं. पण स्वतःच्या गाडीत त्याने घर सोडताना नवेकोरे कार्बन बसवले होते, तेही तितकेच झिजलेले निघाले.

"आई, माझी गाडी कोण पळवायचं गं?"

"ह्यांच्याशिवाय कोण? दोन हातांत दोन कंट्रोलर घेऊन बसायचे रोज."

"मग जिंकायचं कोण?"


"तूच. उजवा हात तुझ्या गाडीला द्यायचे. म्हणायचे, हरला की रुसतो तो, पुन्हा खेळायला यायचा नाही."