रंगीची पावलं

उन्हात तापवून मऊ केलेला लिनोचा, म्हणजे ठसे कोरायच्या रबरासारख्या जाड पट्टीचा, तुकडा सुकेशनीनं आईपुढं ठेवला. "जेवढं कोरशील तेवढं कागदावर पांढरं राहील, आई. अन् हत्यार अंगाकडं नाय ओढायचं."

सुकेशनीच्या वाळूजच्या फ्लॅटमध्ये मंजुळाबाई दुपारभर आडव्याउभ्या रेघा कोरत बसल्या. हात बसला तशी त्यांनी एक शेळी कोरली, एका कानाला चीर असलेली.

"रंगी?" सुकेशनी हसली. "बापू तिला कधी एकटी सोडायचे नाय."

"व्हय. ती पुढं अन् ते मागं."

सुकेशनीच्या वडलांना, बापूंना, आणि रंगीला जाऊन आता कैक वर्षं झाली होती.

मंजुळाबाईंनी शाईचा रोलर फिरवून ठसा घेतला. कागदावर काळ्या शाईत पांढरी शेळी झकास उमटली. मायलेकी खुशीत आल्या. दुसऱ्या ठशात शेळीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं होतं. तिसरा कागद नुसताच काळा निघाला. सुकेशनीनं लिनोवरून बोट फिरवलं. तो गुळगुळीत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणीतरी मेथीची जुडी चघळायला लागलं. टेबलापासून आतपर्यंत पांढऱ्या फरशीवर खुरांचे ओले काळे ठसे गेले होते.

"आली गं माझी बाई," मंजुळाबाईंचा चेहरा उजळला.

सुकेशनीनं त्यांचा दंड घट्ट धरला आणि खाली बोट दाखवलं. खुरांच्या मागोमाग माणसाची अनवाणी पावलं उमटत चालली होती. माणूस तर त्यांनी कोरलाच नव्हता.

मंजुळाबाईंनी लगबगीनं डोक्यावर पदर घेतला.