गुरुवारचा फोन

क्लॉडीनने दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि ती चक्रावली. आजीची आणि नातीची उत्तरं शब्दाला शब्द जुळत होती. आई परदेशी आणि मूल आजीकडे, अशी एकेचाळीस घरं तिने विद्यापीठाच्या पाहणीसाठी पालथी घातली होती. एकाही घरात दोन माणसांचं एकमत झालं नव्हतं.

इथे मात्र सगळं आलबेल होतं. आई चार वर्षं टोरांटोला, दर गुरुवारी तिचा फोन, दर डिसेंबरला तिने धाडलेलं सामानाचं पिंप.

नात ताशॉय अठरा वर्षांची, गावातल्या किराणा दुकानात कामाला. आईशी शेवटचं कधी बोललीस, असं विचारल्यावर ती हसली.

"मी कुठली बोलतेय! तिचा फोन नेमका मी दुकानात असतानाच येतो. मग संध्याकाळी आजी सगळं सांगते."

"चार वर्षांत एकदाही तू घरी नव्हतीस?"

"एकदाही नाही," म्हणत ताशॉयने चपला घातल्या आणि ती कामावर निघून गेली.

क्लॉडीनच्या मनात पाल चुकचुकली. आजीचं नाव इसिल्डा. तिने भाजलेला नीरफणस पुढे ठेवला आणि कौतुकाने पिंप उघडून दाखवलं. साबण, तांदूळ, मांसाचे डबे. एका डब्याच्या बुडाशी किमतीची चिठ्ठी अर्धवट खरवडलेली होती, आणि तिच्यावर नाव गावातल्याच दुकानाचं होतं.

आता कुठे क्लॉडीनच्या डोक्यात प्रकाश पडला. लेकीने केव्हाच पाठ फिरवली असणार. म्हातारीच पिंप भरत होती आणि न आलेले फोन नातीला रंगवून सांगत होती. क्लॉडीनला तिची दया आली आणि रागही आला. बिचारी पोर आईच्या नुसत्या बातम्यांवर मोठी झाली होती. एक दिवस खरं कळलं, तर तिचा आजीवरचाही विश्वास उडणार होता.

"मिस इसिल्डा," ती हळूच म्हणाली, "फोन येतच नाही ना? ताशॉयला एकदा सांगून टाका. हवं तर मी सांगते."

आजी तोंड उघडणार, तोच फोन वाजला.

क्लॉडीन ओशाळली. पलीकडून बाईचा आवाज खरोखरच येत होता. आजी दहा मिनिटं बोलली. जेवलीस का, थंडी फार आहे का, कामावर दमतेस का, सगळं विचारून झालं. पोरीचं छान चाललंय म्हणाली, आणि फोन ठेवला.

क्लॉडीनला काही सुधरेना. तिने माफी मागितली. "म्हणजे तुमची लेक खरंच फोन करते."

"माझ्या लेकीने चार वर्षांत एक शब्द धाडलेला नाही," आजी गुपित सांगावं तशी म्हणाली. "ही ताशॉय होती. दुकानाच्या मागे उभी राहून बोलते. पिंपही तीच भरते, म्हातारी खचायला नको म्हणून."

"तुम्हाला कळलंय, हे तिला माहीत आहे?"

"नाही, आणि तू सांगू नकोस हं, बाई." आजीने फोन जवळ ओढून घेतला. "या फोनवर ती मला आई म्हणते. एरवी कुणाला म्हणेल ती?"