न मोजलेली मेंढरं

कोकराला घरात कोंडून सत्यशीला मॅडमनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "आता बघू तुझ्या आजीची विद्या," त्या म्हणाल्या.

संस्कृतीनं कुलूप एकदा ओढून पाहिलं. शाळेच्या संशोधन प्रकल्पाचा विषय ठरवायची आज शेवटची तारीख होती. नववीतल्या अकरा जणांनी 'प्लास्टिकचे दुष्परिणाम' घेऊन टाकले होते. तिला मात्र स्वतःचा विषय हवा होता: एक मेंढरू कमी झालं तर आजी न मोजता कसं ओळखते? मॅडम पडल्या विज्ञानाच्या. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्या आणि शाळा सुटल्यावर स्कूटीवरून थेट पडेगावला आल्या.

तिची आजी बानाबाई हापशावरून हंडा घेऊन आली. घरासमोरच्या जाळीच्या कुंपणात मेंढरं दाटीनं उभी होती. हंडा खाली ठेवायच्या आधीच तिनं एकदा नजर फिरवली.

"काळीचं कोकरू कुठंय गं?"

काळी मेंढी ओरडत होतीच, पण बानाबाईनं तिच्याकडं धड पाहिलंही नव्हतं. संस्कृतीनं टुणकन उडी मारली. मॅडमही खूश झाल्या.

"आजी, एकूण किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"काय म्हाईत. आमी मोजत नसतोत."

"प्रकल्पात आकडा लागतो हो."

"काल मी मोजली मॅडम," संस्कृती हळूच म्हणाली. "एक्केचाळीस. फॉर्मवर लिहिलंय."

बानाबाईचा चेहरा उतरला. मॅडमचं तिकडं लक्ष नव्हतं. "म्हणजे आता चाळीस भरली पाहिजेत," असं म्हणत त्या बोट नाचवत मोजायला लागल्या.

"नका वं बाई," बानाबाई म्हणाली. पण शास्त्र कुणासाठी थांबतंय!

मॅडम थांबल्या त्या एक्केचाळीसवर. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. एक्केचाळीस. मग संस्कृतीनं एकेक मेंढरू शिवून, पलीकडं सारत मोजलं. तेवढीच.

तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की काळी ओरडायची थांबली आहे. तिच्या पोटाखाली एक कोकरू ढुशा देत दूध पीत होतं. त्याचा डावा कान फाटका होता. तो कान गेल्या महिन्यात कुत्र्यानं फाडला, तेव्हा हळद संस्कृतीनंच लावली होती.

तिनं मॅडमकडून किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली. कुलूप काढलं. कोकरू आतच होतं. तोच फाटका कान, भुकेनं कावलेलं. तिनं त्याला उचलून जाळीत आणलं आणि काळीपुढं धरलं. काळीनं त्याला हुंगलं आणि डोक्यानं दूर लोटलं. पुन्हा धरलं. पुन्हा लोटलं.

"आजी, हीच त्याची माय हाय ना?" संस्कृतीला रडू फुटलं.

"व्हती," बानाबाई म्हणाली. "मोजलं की आकडा ठरतो, पोरी. मंग त्यातलं एक भाईर काढलं की त्याची जागा भरून निघती. कशानं भरती, ते आमच्यात कुणी इचारीत नाय."

मॅडम घाबरल्या होत्या. "तू प्लास्टिकच घे," एवढंच त्या म्हणाल्या आणि निघाल्या. दौलताबाद रोडला लागेपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

संस्कृती कोकराला छातीशी धरून जाळीबाहेर बसली. ते आईकडं बघून ओरडत होतं. काळी मान वर करत नव्हती.

बानाबाईनं नातीला जवळ ओढलं, पदरानं तिचे डोळे पुसले.

"आता शाळेला एक बी खाडा करू नको," ती म्हणाली. "तिथं बी रोज मोजतेत तुमाला."