वाटीभर दुधी

तिने चमचाभर भाजी तोंडात टाकली आणि लगेच मोरीत थुंकली. कडू. साधी कडू नाही, कडूजहर. दोनदा चूळ भरली तरी जिभेच्या मुळाशी ती चव चिकटूनच राहिली.

कढईत अख्खा दुधी होता. घरचा, पहिलावहिला. सासऱ्यांनी, अण्णांनी, बाल्कनीत रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला.

वर्षभर एकेक वस्तू घरातून काढता पाय घेत होती. आधी फळं गेली. मग दूध निम्म्यावर आलं. मग तेल पळीऐवजी चमच्याने पडायला लागलं. लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री फिरवून घरी येताना ती भाजीच्या गाडीजवळून मान खाली घालून निघायची. असंच एकदा ती रिकामी पिशवी घेऊन परतली, तेव्हा अण्णा म्हणाले, "ते रंगाचे डबे टाकू नकोस. मला दे."

अण्णांनी आयुष्यभर कुलपं दुरुस्त केली होती. झाड कधी लावलं नव्हतं. पण एकदा वेल वर चढायला लागल्यावर ते तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुणाला ओतू देईनात. संध्याकाळी फुलं उमलली की दाढीच्या जुन्या ब्रशने ह्या फुलातले पराग त्या फुलाला लावत बसायचे. दुधी धरला, वाढला, तेव्हा त्याच्या वजनाने वेल तुटू नये म्हणून त्यांनी सुनेच्या फाटक्या ओढणीची झोळी बांधली. नात त्याला 'बाळ' म्हणायची. आज सकाळी तो कापून दोन्ही हातांवर धरून त्यांनी स्वयंपाकघरात आणला, तेव्हा त्यांची मान ताठ झाली होती.

"आज बाजाराचं तोंड बघायचं नाही," ते म्हणाले होते.

आठवड्याचं उरलंसुरलं तेल ह्याच भाजीत गेलं होतं. घरात दुसरं काही नव्हतं. तिचा हात साखरेच्या डब्याकडे गेला. दोन चमचे पडलेही. तिसरा भरताना मात्र ती थबकली. लॉन्ड्रीतल्या सोबतिणीची जाऊ कडू दुधीचा रस पिऊन आठ दिवस इस्पितळात पडली होती. ते ऐकताना तिने नुसतं 'अगं बाई' म्हटलं होतं आणि पुढचा शर्ट घेतला होता. आता तिने चमचा परत डब्यात टाकला.

ओतून द्यायची, दुसरा इलाज नव्हता. पण अण्णांना काय सांगायचं? कढई हातातून निसटली म्हणावं? तिने फडक्याने कढई उचलली, तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"आई, आजोबा म्हणाले भाजी मस्त झालीय."

"त्यांनी खाल्ली? कधी?"

"तू गच्चीवर कपडे काढायला गेली होतीस ना, तेव्हा. वाटीभर घेतली. धीरच निघेना त्यांना."

"आणि तू? तू खाल्लीस?"

"छे. मला म्हणाले, आई आल्यावर."

तिने कढई तशीच मोरीत ठेवली आणि बाहेर धावली. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वाटी चाटूनपुसून स्वच्छ होती.

"अण्णा, उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय. भाजी कडू आहे, विष असतं त्यात."

"काहीतरीच तुझं! मला नाही कडू लागली."

"खोटं बोलू नका! तुमचा दुधी आहे म्हणून काय जीव द्याल त्याच्यापायी?"

दहा वर्षांत ती त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडली होती. अण्णा उठून चपला शोधायला लागले.

मुलीला शेजारी सोडून ती त्यांना घेऊन निघाली. जिन्यातच त्यांना पहिली उलटी झाली. रिक्षात दुसरी, मग तिसरी. तिच्या हातातला त्यांचा हात गार पडत चालला होता. नवरा ट्रक घेऊन चार दिवसांच्या वाटेवर गेला होता. त्याला काय सांगणार होती ती? की तुझ्या वडिलांना मी चार पैसे वाचवायला म्हणून... कापताना फोड चाखून बघायची असते, हे तिला कुणीतरी सांगितलंही होतं. पण घरचाच दुधी, त्यावर शंका कसली घ्यायची!

"जरा लवकर घ्या हो," ती रिक्षावाल्याला तिसऱ्यांदा म्हणाली.

सलाईनच्या दोन बाटल्या संपल्या. तिसरी अर्ध्यावर आली, तेव्हा कुठे अण्णांचं ब्लडप्रेशर जागेवर आलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघून त्यांचा हात सोडला आणि तिच्याकडे बघून मान हलवली.

"वेळेवर आणलंत. आता काळजी नाही." मग त्या अण्णांकडे वळल्या. "पण आजोबा, मला एक कळत नाही. इतकी कडू भाजी माणूस पहिल्याच घासाला थुंकून टाकतो. तुम्ही वाटीभर खाल्लीत कशी?"

"मला चव लागत नाही हो," अण्णा हळूच म्हणाले. "मागच्या वर्षी तापातून उठलो, तेव्हापासून. गोड, तिखट, कडू, सगळं सारखंच."

ती स्टुलावरून अर्धवट उठली.

"वर्षभर? मग रोज 'छान झालंय, छान झालंय' म्हणत होतात ते? मला एका शब्दाने तरी सांगायचं, अण्णा!"

अण्णांनी सुई नसलेला हात तिच्या मनगटावर ठेवला.

"सांगणार होतो गं. पण तेव्हाच तुझं तेल आखडलं, मसाला आखडला. पोर ताटावर नाक मुरडायला लागली, तिचा बाप खाली मान घालून जेवायला लागला. म्हटलं, घरात एकाला तरी तुझ्या हातचं आवडत राहू दे."