विहिरीपायी मिशी

"विहिरीला झरा नसला ना, तर इंद्रलोकच्या नाक्यावर बसून मिशी काढीन!" परशुराम ओरडला.

"और झरा असला, तर माझी," शेजारचा गुणवंतभाई म्हणाला. "पण नसला तर सहीपण करायची हां! डन?"

"डन."

बोलला आणि फसला. सहा घरं पाडून तिथे टॉवर उठणार होता. पाच सह्या झालेल्या. सहावी परशुरामची, ती अंगणातल्या विहिरीपायी अडलेली. तीन बाजूंना बिल्डिंगा, ऊन यायचं ते दुपारी अर्धा तास, पावसात गटाराचं पाणी थेट उंबऱ्याशी. लिफ्टवालं घर परशुरामलाही हवं होतं. पण ऐंशी वर्षांची आई, जिजाबाई, अजून रोज पहाटे पायऱ्या उतरून विहिरीत हंडा बुडवायची. विहीर बुजवली तर म्हातारी हाय खाईल, असं त्याने मनात धरलेलं. तोंडाने मात्र कधी बोलला नाही.

झऱ्याचा निकाल निशिगंधाकडे गेला. कॉलेजची पोरगी, खाडीचं पाणी जमिनीत किती शिरतं आणि जमिनीतलं खाडीत किती जातं, ते शोधत गावातल्या विहिरी तपासत फिरत होती.

"खडकातून पाण्यात रेडॉन नावाचा वायू येतो," तिने ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलं. "झऱ्याच्या ताज्या पाण्यात तो सापडतो. उघड्यावर तो उडून जातो. म्हणून बाटली पाण्याखालीच भरायची, झाकणही तिथेच लावायचं. हवा लागली की खेळ खलास. तीन दिवस, रोज पहाटे एक बाटली."

"पहाटे तं मीच उतरतंय," जिजाबाई म्हणाली. "दे हिकरं."

परशुराम तीन रात्री झोपला नाही. झरा निघाला तर जन्मभर याच अंधारात. नाही निघाला तर आई.

चौथ्या दिवशी निशिगंधाचा फोन आला. "काका, रेडॉन जवळजवळ शून्य. बाटल्या नीट भरल्या होत्या ना?"

"आईने भरल्यात. जन्म गेलाय तिचा त्या पायऱ्यांवर."

त्याने सही केली. आईला सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

संध्याकाळी नाक्यावर ही गर्दी! रामू न्हावी खुर्ची मांडून तयार. "काका, हलू नका, ओठ कापेल." गुणवंतभाई मोबाइल धरून उभा. अर्धी मिशी गेली आणि गर्दी फाटली. काठी टेकत जिजाबाई आली. रामूचा वस्तरा थांबला.

"आई, माफ कर गं," परशुराम म्हणाला. "विहीर मेली आपली."

जिजाबाई त्याच्या कानाशी वाकली.

"रडू नको, पोरा. तुजा जीव तिच्यान हाय म्हनून धा वरसा गुडघं मोरून घेतलं. तीनय बाटल्या फडक्यातशी गालून, हवा लावून भरल्या मी. आथा सांग, लिफ्ट कवा चालू व्हनार?"