तीस टक्के

"खुर्ची माझी, मशीन माझं, पाटीवर नाव माझं. तुझे नुसते हात!" दातांच्या दवाखान्याचे मालक हाताखालच्या डॉक्टरणीला दर महिन्याला ऐकवायचे. तिच्या कामाचे सत्तर टक्के खिशात घालायचे, तीस तिच्या हातावर टेकवायचे. सहा वर्षं तिनं पेशंटचे दात वाचवले आणि स्वतः दातओठ खाल्ले.

नेमकी तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सरांचीच दाढ ठणकायला लागली. "रूट कॅनाल तुझ्यासारखं कुणाला जमत नाही गं," म्हणत ते गाल धरून त्याच खुर्चीत आडवे झाले.

तिनं इंजेक्शन दिलं, दाढ कोरून उघडली आणि शांतपणे ग्लोव्हज काढले.

"झालं?" सरांनी बधिर तोंडानं कसंबसं विचारलं.


"माझे तीस टक्के झाले, सर. उरलेले सत्तर तुमचे."